थायरॉइड कर्करोगाच्या पेशींचं चयापचय कसं मोजावं : प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांसाठी

एकच सेल लाइन घ्या. तिच्या अर्ध्या पेशी भरपूर ग्लुकोज असलेल्या डीएमईएम या संवर्धन माध्यमात वाढवा आणि उरलेल्या अर्ध्या रक्तात असतं तेवढ्याच ग्लुकोजमध्ये. आठवड्याभराने दोन्हींचं लॅक्टेट मोजलंत तर आकडे जुळणार नाहीत, आणि मोजण्यात कुणाचीही चूक नसेल. चयापचयाच्या कामात नवा माणूस सहसा यंत्रापासून सुरुवात करतो. सीहॉर्स (पेशींचा ऑक्सिजन वापर मोजणारं यंत्र) कसं चालवायचं, मास स्पेक्ट्रोमीटरवर वेळ कधी मिळणार, हे त्याचे पहिले प्रश्न असतात. माझ्या मते त्याआधी तीन गोष्टी ठरायला हव्यात: पेशी कोणती, तिला खायला काय घातलं, आणि आलेल्या आकड्याला भागायचं कशाने. हा लेख त्याच क्रमाने जातो. पेशी संवर्धनाचं प्राथमिक काम तुम्हाला येतं, असं गृहीत धरलं आहे.

पायरी १ : प्रश्न एका वाक्यात लिहा

‘थायरॉइड कर्करोगाचं चयापचय’ हा प्रश्न होत नाही, कारण थायरॉइडचा कर्करोग हा एक आजार नाही. पॅपिलरी प्रकार सर्वांत जास्त आढळतो, दर दहा रुग्णांपैकी आठांच्या आसपास. त्यात ब्रॅफ जनुकातला व्ही६००ई हा बदल वारंवार दिसतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कॅन्सर जिनोम ॲटलास या गाठींच्या जनुकीय नोंदींच्या प्रकल्पात सुमारे ५०० पॅपिलरी गाठी तपासल्या गेल्या, त्यांतल्या जवळपास ६० टक्के गाठींत तो होता. फॉलिक्युलर प्रकारात रास कुटुंबातल्या जनुकांतले बदल जास्त. ॲनाप्लास्टिक दुर्मीळ, पण अतिशय वेगाने वाढणारा. मेड्युलरी प्रकार तर मुळात वेगळ्याच पेशींतून येतो: कॅल्सिटोनिन बनवणाऱ्या सी-पेशींतून. त्याचा आयोडिनशी संबंध नाही, म्हणून त्याला बाकीच्यांच्या रांगेत बसवून तुलना करू नका.

ऑन्कोसायटिक प्रकार, ज्याला पूर्वी हर्थल सेल कर्करोग म्हणत, चयापचयाच्या अभ्यासकाला खास खुणावणारा आहे. या पेशी मायटोकाँड्रियांनी गच्च भरलेल्या असतात, आणि त्यांच्या मायटोकाँड्रियांच्या डीएनएत, विशेषतः श्वसनसाखळीच्या (ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणाऱ्या प्रथिनांच्या रांगेच्या) कॉम्प्लेक्स १ या पहिल्या घटकाच्या जनुकांत, बिघाड करणारे बदल वारंवार सापडतात. कारखाने भरमसाट आणि त्यातले बरेच नीट न चालणारे.

रुग्णाच्या बाजूनेही प्रश्न उभा राहतो. निरोगी थायरॉइड पेशी एनआयएस या वाहक प्रथिनाद्वारे आयोडाइड आत ओढते. किरणोत्सारी आयोडिनचा उपचार त्यावरच चालतो. गाठ आपली मूळ ओळख गमावू लागली की आयोडिन ओढणं कमी होतं, आणि बऱ्याचदा त्याच वेळी ग्लुकोज ओढणं वाढतं. म्हणून आयोडिनच्या स्कॅनवर न दिसणारी गाठ ग्लुकोज ओढणाऱ्या पेशी दाखवणाऱ्या एफडीजी-पेट स्कॅनवर उजळून दिसू शकते. ‘ब्रॅफचा मार्ग बंद केला तर ग्लुकोजचा वापर घटतो का, आणि त्याच वेळी एनआयएस परत येतं का?’ हा एका वाक्यात मावणारा आणि मोजता येणारा प्रश्न झाला.

जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्गचं नाव इथे येणारच. ऑक्सिजन असूनही गाठीच्या पेशी ग्लुकोजचं लॅक्टेट करतात, हे त्याने १९२० च्या दशकात दाखवलं. ते निरीक्षण टिकलं. मायटोकाँड्रिया बिघडल्यामुळे असं होतं, हे त्याचं स्पष्टीकरण मात्र बहुतेक कर्करोगांना लागू पडत नाही. तेव्हा लॅक्टेट वाढलं म्हणून श्वसन बंद पडलं असेल, असं मानून चालू नका. ते वेगळं मोजा.

पायरी २ : पेशी खरोखर थायरॉइडच्या आहेत ना?

हा प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण या क्षेत्राचा इतिहास तसा आहे. २००८ साली थायरॉइड कर्करोगाच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या ४० सेल लाइन्सची डीएनए ओळख तपासली गेली, तेव्हा त्यांतल्या फक्त २३ एकमेकींपासून वेगळ्या निघाल्या. ॲनाप्लास्टिक म्हणून वर्षानुवर्षं वापरलेली एआरओ ही मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची एचटी-२९ निघाली. पॅपिलरी म्हणून गाजलेली एनपीए ही मेलानोमाची पेशी होती. त्यांच्यावर लिहिलेले जुने शोधनिबंध आजही शोधात वर येतात. एखादा चयापचयाचा निष्कर्ष वाचताना आधी पद्धतींच्या भागात सेल लाइनचं नाव पाहायची सवय लावून घ्या.

आपल्याकडे आलेल्या पेशींची एसटीआर (डीएनएवरून ओळख पटवणारी) तपासणी करून घ्या आणि निकाल सेलोसॉरस या खुल्या कोशातल्या नोंदीशी ताडून पाहा. शेजारच्या प्रयोगशाळेतून प्रेमाने मिळालेल्या कुपीलाही ही सूट नको.

नेहमी भेटणाऱ्या काही लाइन्स अशा. टीपीसी-१ मध्ये रेट जनुकाचं जोडजनुक आहे, ब्रॅफचा बदल नाही. बीसीपॅप आणि के१ मध्ये ब्रॅफ व्ही६००ई आहे. ८५०५सी आणि एसडब्ल्यू१७३६ या ॲनाप्लास्टिक असून त्यांच्यातही ब्रॅफचा तोच बदल आहे. कॅल-६२ ही ॲनाप्लास्टिक, पण केरास बदलाची. एफटीसी-१३३ फॉलिक्युलर, तिच्यात पीटेन या गाठ रोखणाऱ्या जनुकाचं काम बंद. टीटी मेड्युलरी आहे आणि अतिशय सावकाश वाढते, तेव्हा तिच्यासाठी वेळापत्रक वेगळं ठेवा. एक्सटीसी-यूसी१ ही ऑन्कोसायटिक, मायटोकाँड्रियांच्या डीएनएतल्या बदलांसह.

दोन सावधानता. पहिली: ताटलीत वाढणाऱ्या बहुतेक थायरॉइड लाइन्सनी टीएसएच ग्राहक, थायरोग्लोब्युलिन, एनआयएस या थायरॉइडच्या खास प्रथिनांची अभिव्यक्ती जवळपास गमावलेली असते. नाव पॅपिलरी असलं तरी वागणं अविभेदित, म्हणजे मूळ ओळख हरवलेल्या गाठीकडे झुकलेलं. दुसरी: ‘निरोगी’ कंट्रोल म्हणून सर्रास वापरली जाणारी एनथाय-ओरी ३-१ ही एसव्ही४० विषाणूच्या प्रथिनाने अमर केलेली आहे. ते प्रथिन पी५३ आणि आरबी या गाठ रोखणाऱ्या प्रथिनांना बांधून ठेवतं, आणि पी५३ चा चयापचयावर थेट हात असतो. तिला कंट्रोल म्हणून वापरा, पण ‘निरोगी थायरॉइडपेक्षा दुप्पट ग्लुकोज’ असं वाक्य तिच्या जिवावर लिहू नका.

टीपीसी-१ आणि बीसीपॅप यांची तुलना म्हणजे ब्रॅफची तुलना, असंही नाही. त्या दोन वेगळ्या माणसांच्या पेशी आहेत आणि त्यांच्यात शेकडो फरक आहेत. एकाच लाइनमध्ये ब्रॅफ रोखून किंवा जनुक बदलून पाहा, आणि निष्कर्ष किमान दोन-तीन लाइन्समध्ये टिकतो का ते तपासा.

मायकोप्लाझ्माची (संवर्धनात नकळत शिरणाऱ्या सूक्ष्म जिवाणूंची) तपासणी प्रत्येक मोठ्या प्रयोगाआधी. इतर कामांत ती स्वच्छतेची बाब असते, इथे ती थेट निकालाची बाब आहे: काही मायकोप्लाझ्मा आर्जिनिन फस्त करतात, आणि तुम्ही मोजता ते दोन जीवांचं एकत्र चयापचय.

पायरी ३ : माध्यम

आता बाटलीवरचं लेबल वाचा. आरपीएमआय-१६४० मध्ये ग्लुकोज सुमारे ११ मिलिमोलर. जास्त ग्लुकोजच्या डीएमईएममध्ये २५, कमी ग्लुकोजच्या डीएमईएममध्ये ५.५. उपाशीपोटी माणसाच्या रक्तात सुमारे ५. ग्लुटामिन आरपीएमआयमध्ये २, डीएमईएममध्ये बहुधा ४, आणि रक्तात अर्ध्या मिलिमोलरच्या जवळपास. काही डीएमईएममध्ये १ मिलिमोलर पायरुव्हेट असतं, आरपीएमआयमध्ये ते नसतं. दोन लाइन्स दोन वेगळ्या माध्यमांत वाढत असतील आणि तुम्ही त्यांची तुलना केलीत, तर ती माध्यमांचीही तुलना झाली.

म्हणून सगळ्या लाइन्स एकाच माध्यमावर आणा आणि काही पॅसेज सरावू द्या. आदल्या दिवशी माध्यम बदलून दुसऱ्या दिवशी मोजलं, तर बदलाचा धक्काच मोजला जातो. परवडत असेल तर प्लाझ्मासारखी माध्यमं, म्हणजे एचपीएलएम किंवा प्लाझ्मॅक्स, वापरून पाहा. पण त्यांत ग्लुकोज कमी असल्याने दाट वाढलेल्या पेशी ते रात्रीत संपवू शकतात. सकाळी तुम्ही उपाशी पेशी मोजाल आणि ‘ऑक्सिडेशनकडे कल’ असं लिहाल. कमी पेशी, जास्त वेळा माध्यम बदलणं, आणि मोजण्याआधी काही तास ताजं माध्यम, हा त्यावरचा उपाय.

ग्लुटामिन ३७ अंशांना आपोआप विघटित होतं आणि अमोनिया सोडतं. जुनी बाटली वापरू नका.

सीरमचं तर वेगळंच. त्यात ग्लुकोज, अमिनो आम्लं, मेदाम्लं, लॅक्टेट असतंच, शिवाय थायरॉइडवर काम करणाऱ्यांना महत्त्वाचं म्हणजे टी३ आणि टी४ ही संप्रेरकंही असतात, जी स्वतःच चयापचय बदलतात. संपूर्ण प्रयोगमालेसाठी एकच लॉट राखून ठेवा. लेबल लावलेल्या कार्बनचं काम (पायरी ६) करताना डायलिसिस केलेलं सीरम लागतं. संप्रेरकांचा परिणाम हाच प्रश्न असेल तर चारकोलने गाळलेलं. उंदराच्या एफआरटीएल-५ सारख्या टीएसएचवर जगणाऱ्या पेशी वापरत असाल तर त्यांच्या माध्यमात टीएसएच, इन्सुलिन, हायड्रोकॉर्टिसोन वगैरे घालावं लागतं, आणि इन्सुलिन ग्लुकोजच्या वापरावर परिणाम करतं हे लक्षात असू द्या.

ऑक्सिजनही अन्नच. नेहमीच्या इनक्युबेटरमध्ये तो १८ ते २० टक्के असतो, ऊतींत त्याहून बराच कमी. उलट माध्यमाचा थर फार उंच भरला तर तळाशी चिकटलेल्या पेशींपर्यंत तो पुरेसा पोचतही नाही. त्यामुळे प्लेटच्या प्रत्येक विहिरीत (खळग्यात) नेमकं किती मिलिलिटर घातलं, ते वहीत हवं.

पायरी ४ : साधं मोजमाप आधी

महागड्या यंत्राआधी हा प्रयोग करा: पेशींनी किती ग्लुकोज खाल्लं आणि किती लॅक्टेट टाकलं. सहा विहिरींच्या प्लेटमध्ये पेशी लावा, ताजं माध्यम घाला, त्यातलं थोडं शून्य तासाला बाजूला काढा आणि २४ तासांनी पुन्हा. एन्झाइमवर आधारित किट पुरेसं आहे. सोबत पेशी नसलेल्या दोन-तीन विहिरी त्याच इनक्युबेटरमध्ये ठेवा, कारण बाष्पीभवनाने सगळेच आकडे थोडे सरकतात. पेशी सुरुवातीला आणि शेवटी मोजा. त्यासाठी प्लेट आधीच जास्तीची लावून ठेवावी लागते.

आता हिशेब. समजा २ मिलिलिटर माध्यमात ग्लुकोज ५.५ वरून ४.० मिलिमोलरवर आलं. फरक १.५, म्हणजे ३ मायक्रोमोल. लॅक्टेट २.४ मिलिमोलरने वाढलं, म्हणजे ४.८ मायक्रोमोल. पेशी ३.५ लाखांवरून ७ लाख झाल्या. त्या दुपटीने वाढत गेल्यामुळे सरासरी साधी न घेता लघुगणकी घ्यायची: झालेली वाढ (७ उणे ३.५, म्हणजे ३.५ लाख) भागिले ‘२ चा नैसर्गिक लघुगणक’ (सुमारे ०.६९), म्हणजे सुमारे ५ लाख. मग ग्लुकोजचा वापर दर तासाला दर दहा लाख पेशींमागे २५० नॅनोमोल आणि लॅक्टेट ४००. एका ग्लुकोजपासून जास्तीत जास्त दोन लॅक्टेट, म्हणून ४०० भागिले ५००: ग्लुकोजचा ८० टक्के भाग लॅक्टेट होऊन बाहेर पडला असावा. ‘असावा’ एवढ्याचसाठी, की थोडं लॅक्टेट ग्लुटामिनपासूनही येऊ शकतं. लॅक्टेट भागिले ग्लुकोज हे गुणोत्तर २ च्या वर गेलं तर आनंदून जाऊ नका, मोजमाप तपासा.

याच प्लेटवर आणखी एक स्वस्त प्रयोग बसतो. ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज दिलं की ग्लायकोलिसिसमधून (साखर पायरुव्हेटपर्यंत तोडण्याच्या वाटेतून) ऊर्जा मिळवणं पेशीला जड जातं आणि तिला मायटोकाँड्रियांवर जगावं लागतं. एक्सटीसी-यूसी१ सारख्या श्वसनसाखळी बिघडलेल्या पेशी तिथे कोलमडतात. यंत्राविना मिळालेली ही माहिती पुढच्या पायरीचा आराखडा ठरवते.

पायरी ५ : ऑक्सिजनचा वापर

सीहॉर्सवर दोन आकडे मिळतात: ऑक्सिजन वापराचा वेग आणि माध्यम आम्ल होण्याचा वेग. सेन्सर कार्ट्रिज आदल्या रात्री कॅलिब्रंटमध्ये भिजत ठेवायचं. मोजण्याचं माध्यम बायकार्बोनेटविना, पीएच ७.४, आणि मोजण्याआधी प्लेट तासभर कार्बन डायऑक्साइड नसलेल्या इनक्युबेटरमध्ये. ९६ विहिरींच्या प्लेटमध्ये चार कोपरे पेशींविना ठेवतात.

पहिली प्लेट फक्त दोन गोष्टी ठरवण्यासाठी वाया घालवा, ती वाया जात नाही: प्रत्येक लाइनच्या किती पेशी लावायच्या आणि एफसीसीपी (श्वसन कमाल वेगाला नेणारं रसायन) किती द्यायचं. टीटीसारखी सैल चिकटणारी पेशी आणि ८५०५सी यांना एकच संख्या चालणार नाही. एफसीसीपी पाव ते २ मायक्रोमोलरच्या दरम्यान चढत्या मात्रेने देऊन पाहा. जास्त झालं तर श्वसन वाढण्याऐवजी घसरतं आणि ‘राखीव क्षमता नाही’ असा खोटा निष्कर्ष निघतो.

मग क्रम नेहमीचा: मायटोकाँड्रियात एटीपी (पेशीचं ऊर्जाचलन) बनणं रोखणारं ऑलिगोमायसिन, मग एफसीसीपी, शेवटी श्वसनसाखळी अडवणारे रोटेनोन आणि ॲन्टिमायसिन एकत्र. शेवटचा आकडा मायटोकाँड्रियाबाहेरच्या वापराचा, तो सगळ्यांतून वजा करायचा. थायरॉइड पेशींत तो वजा करायला विसरणं विशेष महागात पडू शकतं: ही पेशी संप्रेरक बनवण्यासाठी ड्युऑक्स एन्झाइमांद्वारे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते आणि तेही ऑक्सिजन खातं. ऑलिगोमायसिनने जेवढं श्वसन घटलं तेवढं एटीपीसाठीचं. एफसीसीपीने गाठलेल्या शिखरातून मूळ श्वसन वजा केलं की राखीव क्षमता.

आम्लतेच्या आकड्याला मात्र थेट ‘ग्लायकोलिसिस’ म्हणू नका. श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइडही माध्यम आम्ल करतो. पायरी ४ मधलं लॅक्टेट इथे साक्षीदार म्हणून उपयोगी पडतं. दोघांचं जुळत नसेल तर मी लॅक्टेटवर विश्वास ठेवीन.

आणि भागायचं कशाने? प्रथिनाने भागणं सोपं, पण ब्रॅफ किंवा एमटॉर (पेशीची वाढ चालवणारं प्रथिन) रोखल्यावर पेशीचा आकार आणि प्रथिनच बदलतं, मग छेदही हलतो. त्याच विहिरीत केंद्रकं रंगवून मोजणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

पायरी ६ : कार्बनचा माग

पातळी म्हणजे वेग नव्हे. सिट्रेट वाढलं, याचा अर्थ ते जास्त बनतंय किंवा पुढे जायची वाट बंद झालीय, यांपैकी काहीही असू शकतं. म्हणून कार्बन-१३ लावलेलं ग्लुकोज किंवा ग्लुटामिन देतात आणि तो कार्बन कुठे पोचला ते मास स्पेक्ट्रोमीटरवर पाहतात.

सगळे सहाही कार्बन लेबल केलेल्या ग्लुकोजपासून सिट्रेटमध्ये दोन जड कार्बन आले (एम+२) तर ते पायरुव्हेट डीहायड्रोजनेज या एन्झाइमच्या वाटेने मायटोकाँड्रियातल्या क्रेब्ज चक्रात शिरले. सगळे कार्बन लेबल केलेलं ग्लुटामिन दिल्यावर सिट्रेट एम+४ म्हणजे चक्र सरळ फिरतंय. एम+५ म्हणजे उलट्या दिशेने, कार्बोक्सिलेशनने, जे कमी ऑक्सिजनमध्ये किंवा श्वसनसाखळी बिघडल्यावर ठळक होतं. ऑन्कोसायटिक पेशींत हा प्रश्न विचारण्यासारखाच आहे. ग्लायकोलिसिसला फुटणाऱ्या पेन्टोज फॉस्फेट मार्गासाठी पहिले दोनच कार्बन लेबल केलेलं ग्लुकोज घ्या: लॅक्टेट एम+२ ग्लायकोलिसिसचं, एम+१ त्या वळणावरून आलेलं.

ग्लायकोलिसिसचे रेणू काही मिनिटांत स्थिरावतात, चक्राच्या रेणूंना काही तास लागतात, न्यूक्लिओटाइडना त्याहून जास्त.

खरी कसोटी पेशी थांबवण्यात. ट्रिप्सिन वापरायचं नाही. तेवढ्या वेळात एटीपी आणि ग्लायकोलिसिसचे रेणू बदलून जातात. माध्यम ओता, सलाइनने एकदा झटकन धुवा, आणि काही सेकंदांत उणे ८० अंशांवर थंड केलेलं ८० टक्के मिथेनॉल घालून प्लेट कोरड्या बर्फावर ठेवा. एका वेळी एकच प्लेट. हे हातात बसेपर्यंत लेबल नसलेल्या, स्वस्त माध्यमावर सराव करा. नमुन्यांत लेबल न दिलेल्या पेशी, पेशी नसलेली विहीर आणि मोजणीसाठी वेगळ्या विहिरी हव्याच. निसर्गतः १.१ टक्के कार्बन जड असतोच, त्याची दुरुस्ती केल्याशिवाय आलेख काढू नका. नमुने यंत्रावर गटागटाने न लावता मिसळून लावा.

पायरी ७ : मार्ग अडवून पाहणं

इथे एक सापळा आहे आणि त्यात जवळपास प्रत्येक नवागत पाय टाकतो. पेशी जगल्या का हे रंगावरून सांगणाऱ्या एमटीटी चाचणीत रंग तयार होतो तो पेशीच्या क्षपण (रिडक्शन) करण्याच्या क्षमतेमुळे, म्हणजे चयापचयामुळेच. चयापचय रोखणारं औषध देऊन एमटीटी घटली, तर पेशी मेल्या की नुसत्या मंदावल्या, हे कळत नाही. केंद्रकं मोजा, मृत पेशींचा रंग वापरा.

औषधांचंही तसंच. टू-डीऑक्सिग्लुकोज ग्लायकोलिसिस रोखतं, पण प्रथिनांवर साखर चढवण्याच्या प्रक्रियेतही ढवळाढवळ करतं. मॅनोज ही साखर देऊन परिणाम उलटतो का ते पाहा. मेदाम्लांचं ज्वलन रोखणारं एटोमॉक्सिर १०० ते २०० मायक्रोमोलरला दिलं तर त्याशिवाय कॉम्प्लेक्स १ वरही आघात होतो. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध ताटलीत बहुधा मिलिमोलर मात्रेत वापरतात; रुग्णाच्या रक्तात ते मायक्रोमोलरमध्येच असतं. औषधाचा परिणाम जनुक शांत करूनही दिसला आणि रोखलेल्या पायरीपुढचा रेणू बाहेरून दिल्यावर पेशी सावरल्या, तर दावा उभा राहतो.

ब्रॅफ रोखण्यासाठी डॅब्राफेनिब घेत असाल तर एकाच वेळेला मोजून थांबू नका. थायरॉइड पेशींत एचईआर३ या पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकामार्गे तोच संदेश काही काळाने परत डोकं वर काढतो. प्रत्येक वेळी शेजारच्या विहिरीतून फॉस्फो-ईआरकेचा (ब्रॅफच्या पुढच्या, चालू स्थितीतल्या ईआरके प्रथिनाचा) वेस्टर्न ब्लॉट करा. ईआरके परत आलेला असताना ग्लुकोजचा वापर परत आला, यात आश्चर्य नाही.

पायरी ८ : ताटलीबाहेर

स्वतःचा निकाल कॅन्सर जिनोम ॲटलासच्या थायरॉइड माहितीशी सीबायोपोर्टल या संकेतस्थळावर ताडता येतो. पण तिथे एन्झाइमचा आरएनए दिसतो, एन्झाइमचा वेग दिसत नाही, आणि त्या गाठी बहुतांशी चांगल्या विभेदित पॅपिलरी आहेत. तुमची ८५०५सी त्यांच्यात नातेवाईक शोधत बसेल.

शस्त्रक्रियेतून आलेली ऊती मिळत असेल तर नैतिक समितीची परवानगी आणि रुग्णाची संमती आधी. नंतरची गोष्ट घड्याळाची: रक्तपुरवठा तुटल्यापासून गोठवेपर्यंत लॅक्टेट चढत जातं, एटीपी उतरत जातं. शल्यचिकित्सकाच्या पथकाशी बोलून रक्तवाहिनी बांधल्याची आणि द्रव नायट्रोजनमध्ये टाकल्याची वेळ प्रत्येक नमुन्यावर लिहून घ्या. शेजारची निरोगी ऊती त्याच रुग्णाची, तेवढ्याच मिनिटांत गोठवलेली हवी. शेजारी हाशिमोटोचा (थायरॉइडवर स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने केलेला) दाह असेल तर तिथे लिम्फोसाइट भरलेले असतात, तेव्हा गोठवलेल्या तुकड्याचा एक काप पॅथॉलॉजिस्टला दाखवून मगच उरलेला मिथेनॉलमध्ये टाका.